भावाच्या नावाखाली झाकलेली बहीण

फॅनी मेंडेल्सोननं साडेचारशेहून अधिक संगीतरचना केल्या. त्यातल्या बहुतेक दीडशे वर्षं कपाटात पडून होत्या. काही जगाला ठाऊक होत्या, पण भावाच्या नावानं! हस्तलिखितांची पानं जुळवत अभ्यासकांनी तिला तिचं नाव परत कसं मिळवून दिलं, त्याची ही कहाणी.

८ मार्च २०१७. जागतिक महिला दिन. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये रशियन पियानोवादक सोफ्या गुल्याक पियानोसमोर बसल्या. बीबीसी रेडिओवरून कार्यक्रमाचं प्रक्षेपण होत होतं. वाजवायची रचना होती ‘ईस्टर सोनाटा’. चार भागांची, गंभीर आणि मधूनच वादळासारखी उसळणारी. रचना १८२८ सालची, म्हणजे तब्बल १८९ वर्षं जुनी. तरीही त्या दिवशी ती एखाद्या नव्या रचनेच्या कौतुकानं ऐकली गेली. कारण आजवर ती ज्याची म्हणून ओळखली जायची त्याची ती नव्हतीच. ती होती त्याच्या थोरल्या बहिणीची!

भावाचं नाव फेलिक्स मेंडेल्सोन. हे नाव ठाऊक नसलं तरी त्याची एक धून तुम्ही नक्की ऐकली असेल. ख्रिस्ती लग्नात वधू-वर चर्चमधून बाहेर पडताना जो ‘वेडिंग मार्च’ वाजतो, तो याच फेलिक्सचा. हिंदी चित्रपटांतल्या लग्नांतही तो कितीदा तरी वाजला आहे. फेलिक्सचं नाव जगभर झालं. बहीण फॅनी मात्र ‘मेंडेल्सोनची बहीण’ एवढीच राहिली.

एकाच घरातली दोन मुलं

फॅनीचा जन्म १४ नोव्हेंबर १८०५चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा. फेलिक्स तिच्यापेक्षा सव्वातीन वर्षांनी लहान. आजोबा मोझेस मेंडेल्सोन मोठे तत्त्वज्ञ, वडील अब्राहम बँकर. घरात पैसा होता, विद्या होती आणि संगीत तर होतंच. फॅनी जन्मली तेव्हा तिची इवली बोटं पाहून आई म्हणाली होती म्हणे, की ही बोटं बाखचं संगीत वाजवण्यासाठीच घडली आहेत.

आईचा अंदाज खरा ठरला. तेराव्या वर्षी फॅनीनं वडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून बाखचे चोवीस प्रेल्यूड समोर कागद न ठेवता वाजवून दाखवले. दोघा भावंडांना शिक्षक एकच, कार्ल फ्रीडरिश झेल्टर. शिकवणी एक, रियाज एक, बुद्धीही तोलामोलाची. मग फरक कुठं पडला?

फरक वडिलांच्या एका पत्रात पडला. १८२०च्या जुलैमध्ये अब्राहम यांनी पॅरिसहून चौदा वर्षांच्या लेकीला लिहिलं. आशय असा, की फेलिक्ससाठी संगीत कदाचित पोटापाण्याचा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र ते केवळ अलंकार असेल. मुलीवर त्यांची माया नव्हती असं नाही. तिला शिकवण्यात त्यांनी हात कधी आखडला नाही. पण प्रतिष्ठित घरातल्या बाईनं आपलं नाव छापून बाजारात आणावं, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. शिकवायचं सगळं, पण उंबरठ्याच्या आत. असं घर आपल्याला काही अनोळखी नाही.

राणीनं निवडलेलं गाणं

फेलिक्सची गाण्यांची दोन पुस्तकं प्रसिद्ध झाली. पहिल्यात बारा आणि दुसऱ्यात बारा गाणी. त्या चोवीस गाण्यांपैकी सहा फॅनीची होती. पुस्तकांवर नाव मात्र एकट्या फेलिक्सचंच. हे घरच्यांना माहीत होतं, बाहेर फारसं कुणाला नाही.

१८४२ साली फेलिक्स लंडनला गेला. बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी त्याला बोलावलं. राणीला त्याची गाणी फार आवडत. तिनं त्यातलं ‘इटली’ नावाचं गाणं निवडलं आणि स्वतः गायलं. गाणं संपल्यावर फेलिक्सला कबूल करावं लागलं की, हे गाणं माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. हा प्रसंग त्यानंच घरी पत्रानं कळवला. अख्ख्या पुस्तकातून राणीनं नेमकं फॅनीचं गाणं उचललं, हा केवढा योगायोग!

फेलिक्सला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. बहिणीच्या मताशिवाय त्याचं पान हलत नसे. आपली नवी रचना तो आधी तिला दाखवी, तिच्या सूचना मान्य करी. पण तिच्या रचना तिच्या नावानं छापायचा विषय निघाला की त्याचं पाऊल अडखळे. १८३७मध्ये आईनं त्याला विनवलं की, बहिणीला जरा प्रोत्साहन दे. त्यानं उत्तर दिलं की तिनं स्वतः ठरवलं तर मी हवी ती मदत करीन, पण मी होऊन तिला या वाटेला लावणार नाही, कारण घरसंसार हेच तिचं पहिलं काम आहे.

रविवारची मैफल

नशीब एवढंच की नवरा वेगळ्या विचारांचा मिळाला. १८२९मध्ये तिचं चित्रकार विल्हेल्म हेन्सेलशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी मुलगा सेबास्टियन झाला. ‘संगीत सोड’ असं विल्हेल्म कधी म्हणाला नाही. उलट ‘लिही, आणि लिहिलेलं छाप’ असा त्याचा आग्रह असे.

बर्लिनमधल्या त्यांच्या घरी, लाइपझिगर स्ट्रासे ३ या पत्त्यावर, रविवारी मैफली भरत. बागेतल्या दिवाणखान्यात शे-दोनशे माणसं जमत. फॅनी पियानो वाजवी, गायकवृंदाचं संचालन करी, स्वतःच्या रचना ऐकवी. फ्रांझ लिस्टसारखा त्या काळचा सर्वांत गाजलेला पियानोवादकही तिथं हजेरी लावून गेला. पण ही मैफल घरातली. बाहेरच्या सभागृहात ती वाजवायला बसल्याची एकच नोंद सापडते, १८३८ची. कार्यक्रम धर्मादाय कामासाठी होता आणि वाजवलं काय, तर भावाचा पियानो कॉन्चेर्टो! (त्या घराच्या जागी आज जर्मन संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, बुंडेसराटची इमारत उभी आहे.)

अखेर १८४६मध्ये, वयाच्या चाळिशीत, फॅनीनं स्वतःच निर्णय घेतला. प्रकाशक तिच्याकडे चालून आले होते. तिनं भावाला पत्र लिहून कळवलं. परवानगी मागितली नाही, ठरवलं ते सांगितलं. फेलिक्स काही आठवडे गप्प राहिला, मग त्यानं आशीर्वादाचं पत्र धाडलं. फॅनीच्या नावानं पहिलं पुस्तक निघालं, त्यापाठोपाठ पियानोच्या रचनांची पुस्तकंही निघाली. मुखपृष्ठावर छापलं होतं : फॅनी हेन्सेल, माहेरची मेंडेल्सोन बार्थोल्डी.

हे सुख वर्षभरही टिकलं नाही. १४ मे १८४७ रोजी रविवारच्या मैफलीची तालीम चालू होती. पियानोवर असतानाच तिचे हात बधिर झाले. पक्षाघाताचा झटका होता. त्याच रात्री ती गेली. वय अवघं ४१. तालमीत वाजत होती ती रचनाही फेलिक्सचीच. बातमी ऐकून फेलिक्स कोसळला. त्या उन्हाळ्यात त्यानं बहिणीच्या दुःखात एक चतुष्टक लिहिलं आणि ४ नोव्हेंबरला, सहा महिन्यांच्या आतच, तोही गेला. बर्लिनच्या स्मशानभूमीत दोघं शेजारी शेजारी विसावली आहेत.

कपाटात दीडशे वर्षं

फॅनीच्या हयातीत अकरा पुस्तकांपैकी सातच निघाली होती. उरलेली चार १८५०मध्ये आली. बाकी शेकडो रचना हस्तलिखितांतच राहिल्या. आधी कुटुंबाच्या कपाटात, नंतर त्यांतला मोठा भाग बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयातल्या मेंडेल्सोन संग्रहात.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरते. कागद हरवला तरी चीज जिवंत राहू शकते. पाश्चात्त्य संगीताचं तसं नाही. तिथं रचनाकार प्रत्येक स्वर पाच रेघांच्या जाळीवर लिहून ठेवतो आणि वादक तो वाचून वाजवतो. कागद छापला गेला नाही, तर वादकाला रचना मिळत नाही. मिळत नाही म्हणून वाजत नाही, वाजत नाही म्हणून कुणी मागत नाही, आणि कुणी मागत नाही म्हणून पुन्हा छापली जात नाही! मुंबई-गोव्यात पियानोच्या परीक्षा देणारी आपली मुलं काय वाजवतात? जे पुस्तकात छापलेलं असतं, तेच.

हे दुष्टचक्र तुटलं १९८०च्या दशकात. स्त्रियांच्या इतिहासाकडे नव्यानं पाहण्याची हवा तेव्हा युरोप-अमेरिकेत होती. १९८६मध्ये म्युनिकच्या हेन्ले या नामवंत प्रकाशनानं फॅनीच्या निवडक पियानो रचनांचं पुस्तक काढलं. संपादिकेचं नावही फॅनीच, फॅनी किस्टनर-हेन्सेल. त्याच वर्षी कासेल शहरात रेनाटे माथेई यांनी ‘फ्यूरोरे’ ही प्रकाशन संस्था सुरू केली. तिचा नियम एकच : फक्त स्त्री रचनाकारांचं संगीत छापायचं. लोकांना वाटलं असेल, अशा रचना मिळणार तरी किती? पण ही संस्था नंतरही टिकली आणि वाढली.

संपादक नेमकं करतो काय?

महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपल्याला ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून ती सिद्ध केली. देशभरातल्या पोथ्या जमवायच्या, ओळीला ओळ ताडून पाहायची, मूळचं कोणतं आणि मागाहून घुसलेलं कोणतं ते ठरवायचं, आणि वेगळे पाठ तळटीपेत द्यायचे. संगीताच्या संशोधित आवृत्तीचं काम याच जातीचं.

रचनाकाराच्या हातचा पहिला खर्डा, नंतर केलेली स्वच्छ प्रत, दुसऱ्या कुणी उतरवून घेतलेली नक्कल आणि छापील पुस्तक, अशी एकाच रचनेची तीन-चार रूपं असू शकतात. एकात स्वर कोमल, दुसऱ्यात शुद्ध. एकात ‘हळूहळू मंद’ अशी सूचना, दुसऱ्यात ती गायब. कुठं शाई पसरलेली, कुठं ओळच्या ओळ खोडून वर नवी लिहिलेली. ही चूक की जाणूनबुजून केलेला बदल? संपादकाला प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो आणि तो का घेतला, हे पुस्तकाच्या शेवटी टिपणात सांगावं लागतं. स्वतः भर घातली तर ती कंसात किंवा बारीक टायपात द्यायची. म्हणजे वाजवणाऱ्याला कळतं, हे फॅनीचं आणि हे संपादकाचं.

फॅनीच्या बाबतीत हे काम अधिकच नाजूक. जी रचना छापखान्यात जाते तिच्यावरून रचनाकाराचा शेवटचा हात फिरतो. फॅनीच्या बहुतेक रचनांना ती संधीच मिळाली नाही. त्यामुळे तिच्या मनात अखेरचं रूप कोणतं होतं, हे तिच्या हस्ताक्षरालाच विचारावं लागतं.

बारा महिन्यांचे बारा रंग

याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘दास यार’, अर्थात ‘वर्ष’. १८३९-४०मध्ये फॅनी नवरा आणि मुलासह इटलीला गेली होती. रोममध्ये तरुण फ्रेंच संगीतकार तिच्याभोवती जमले, तिच्या वादनावर लुब्ध झाले. तिच्या आयुष्यातला हा सर्वांत आनंदाचा काळ. परतल्यावर १८४१मध्ये तिनं पियानोसाठी बारा महिन्यांची बारा चित्रं रचली आणि शेवटी एक उपसंहार जोडला. मार्चमध्ये ईस्टरचं प्रार्थनागीत ऐकू येतं, डिसेंबरमध्ये नाताळचं, आणि उपसंहारात सरत्या वर्षाला निरोप देणारं. सगळं मिळून पाऊण तासाहून जास्त वेळाची ही रचना. एवढ्या मोठ्या बेताचं पियानो संगीत तोवर फेलिक्सनंही लिहिलं नव्हतं.

तिच्या हयातीत यातला फारच थोडा भाग छापला गेला. पूर्ण ‘वर्ष’ छापून आलं १९८९मध्ये, फ्यूरोरेकडून. लियाना गावरिला सेर्बेस्कू आणि बार्बरा हेलर या दोघींनी ते संपादित केलं. म्हणजे रचनेनंतर १४८ वर्षांनी! याच जोडीनं १९९१मध्ये फॅनीचे दोन सोनाटाही प्रसिद्ध केले.

पण गोष्ट इथं संपली नाही. ‘वर्ष’ची आणखी एक प्रत होती. फॅनीनं स्वतः स्वच्छ अक्षरात लिहिलेली. प्रत्येक महिन्यासाठी वेगळ्या रंगाचा कागद, प्रत्येकाच्या माथ्यावर कवितेच्या ओळी आणि विल्हेल्मनं काढलेलं छोटं चित्र. नवरा-बायकोनं मिळून सजवलेली ही वही! २००० साली तिची हुबेहूब प्रतिकृती प्रसिद्ध झाली. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर दिसलं की स्वच्छ प्रत करताना फॅनीनं बऱ्याच ठिकाणी फेरफार केले होते. जून महिना तर निराळाच झाला होता. ‘छंद म्हणून लिहिणारी बाई’ असा जो शिक्का तिच्यावर होता, त्याला या दोन प्रतींनीच उत्तर दिलं. छंदी माणूस एवढं खोडून पुन्हा लिहीत नाही.

पानांच्या आकड्यांनी दिलेली साक्ष

आता पुन्हा त्या ईस्टर सोनाटाकडे वळू. १८२९च्या रोजनिशीत फॅनीनं आपल्या ईस्टर सोनाटाचा उल्लेख केला होता. पण सोनाटा काही सापडत नव्हता. हरवला, असंच सगळे धरून चालले होते.

१९७०मध्ये पॅरिसमध्ये एका संग्राहकाच्या हाती एक हस्तलिखित लागलं. वर लिहिलं होतं ‘ईस्टर सोनाटा’ आणि नाव ‘एफ. मेंडेल्सोन’. एफ म्हणजे फेलिक्स, यात कुणाला शंका वाटणार? १९७२मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली, ती फेलिक्सच्या नावानं. संगीत एवढं जोरकस आहे, ते पुरुषाचंच असणार, असाही युक्तिवाद झाला!

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अँजेला मेस ही तरुणी फॅनीवर प्रबंध लिहीत होती. तिला शंका होती. २०१०मध्ये तिनं पॅरिस गाठलं आणि ते हस्तलिखित प्रत्यक्ष पाहायला मिळवलं. अक्षर फॅनीचं होतं. पण अक्षरावरून वाद होऊ शकतो. भावंडांची अक्षरं, एकाच गुरूची शिस्त. मग पानांचे आकडे बोलले. बर्लिनच्या संग्रहात फॅनीच्या एका हस्तलिखितातली काही पानं नाहीशी होती. पॅरिसच्या पानांवरचे आकडे नेमके त्याच रिकाम्या जागेत बसले. जणू फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे जुळावेत तसे! कुणीतरी कधीतरी ती पानं वहीतून वेगळी केली होती.

सप्टेंबर २०१२मध्ये ड्यूक विद्यापीठात हा सोनाटा फॅनीच्या नावानं वाजला. आणि २०१७च्या महिला दिनाला लंडनहून रेडिओमार्गे तो घराघरांत पोहोचला. त्या कार्यक्रमामागे धडपड होती चित्रपट दिग्दर्शिका शीला हेमन यांची. त्या फॅनीच्याच वंशातल्या. पुढे २०२३मध्ये त्यांचा फॅनीवरचा चित्रपटही आला.

आपल्या घरातल्या वह्या

एका बाईच्या जुन्या कागदांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारील. पानं मोजा, शाई तपासा, स्वराला स्वर ताडा. पण याच बारीक कामानं असं काही साधलं, जे नुसत्या हळहळीनं साधलं नसतं. फॅनीवर अन्याय झाला असं म्हणणारे पुष्कळ होते. पण एखादी मुलगी पियानोवर बसून तिचा ‘जून’ वाजवू शकते, ती कुणीतरी तो नीट वाचून, तपासून छापला म्हणून. सहानुभूती वाजवता येत नाही, त्यासाठी छापील पान लागतं.

आणखी एक. फॅनीची वही वाचली, कारण घरच्यांनी ती रद्दीत घातली नाही. नवऱ्यानं चित्रं काढून सजवली, मुलानं आणि नातवंडांनी जपली. आपल्याही घरात आजीची ओव्यांची वही असते, आईनं लिहून घेतलेल्या गाण्यांची, चालींची, पाककृतींची वही असते. घर बदलताना, दिवाळीची झाडलोट करताना ती हाताला लागते. पुढच्या वेळी लागली, तर आधी पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव लिहा. नुसतं आद्याक्षर नको. एका ‘एफ’मुळे काय झालं, ते आपण पाहिलंच.